मामाचा शेरा

बाइंडरच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलगे, आणि दोघांनी जणू पाळ्या वाटून घेतल्या होत्या. एक रडून थकला की दुसरा सुरू. बाइंडरची बायको आठ दिवसांसाठी म्हणून मुलीच्या मदतीला गेली ती तीन महिने तिकडेच अडकली. मग बाइंडर रोज संध्याकाळी आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, जेवायला जाऊ लागला. त्याच उन्हाळ्यात चार वर्षांनी येणारी फुटबॉलची ती मोठी स्पर्धा आली आणि ताईचा एकुलता एक मुलगा देशाच्या संघात डावा बॅक म्हणून उभा राहिला.

"उभा राहिला" हे बाइंडरचे शब्द. "खेळला म्हणू नका," तो सांगायचा. "खेळण्यात पाय हलतात."

मुलाला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, कारण तो एका जागी टिकायचा नाही. शाळेतल्या बाईंनी त्याला कोपऱ्यात उभं केलं तर तो कोपऱ्यातल्या कोपऱ्यात गोल फिरायचा. भिंगरी बाइंडरला मामा म्हणायचा, म्हणून छापखान्यातले, गल्लीतले, अगदी पत्र टाकायला येणारा पोस्टमनसुद्धा त्याला मामाच म्हणे. आपणही तेच म्हणू.

मामाची बाइंडिंगची खोली छापखान्याच्या मागे होती. पत्रा ठोकलेलं एक लांब टेबल, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या, स्टोव्हवर खळीचं भांडं आणि खिडकीशी कागद कापायचं जुनं मशीन. मशीनवर जो बसायचा त्याला कटिंगवाला म्हणत. मामापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलायला बरोबरीचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घडीवाल्या मावशी बसत. छापून आलेल्या कागदांना हाडाच्या पट्टीनं घड्या घालणं हे त्यांचं काम, आणि हात चालू असताना जीभ बंद ठेवणं त्यांना कधी जमलं नाही.

पहिले दोन सामने शून्य-शून्य सुटले. दुसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खोलीत आला, टोपी खिळ्याला अडकवली आणि खळ ढवळायला घेतली. कटिंगवाल्यानंच आपण होऊन तोंड उघडलं.

"मामा, काही म्हणा, आपण अजून एकही गोल खाल्लेला नाही."

"खाल्लेला नाही आणि दिलेलाही नाही," मामा म्हणाला. "उपाशी मेलेल्या माणसाला अपचन झालं नव्हतं, म्हणून त्याच्या घरच्यांनी पेढे वाटावेत का?"

"चेंडू सत्तर टक्के वेळ आपल्याकडे होता!"

"होता ना. माझ्या सासऱ्यांचं घड्याळ चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. चालत नाही."

मावशींनी घडीवरून पट्टी फिरवली. "मी काल बघता बघता स्वेटरच्या दोन्ही बाह्या विणल्या. एक टाका सुटला नाही. इतकं शांत काम मी देवळातसुद्धा केलेलं नाही."

"तुम्हाला कळत नाही मावशी, ही योजना असते," कटिंगवाला म्हणाला. "चेंडू मागे, मागे, बाजूला, मागे. समोरचा कंटाळतो. कंटाळला की चुकतो."

"समोरचा कशाला कंटाळेल? त्याला पगार मिळतो," मामा म्हणाला. "कंटाळतो मी. मी तिकीट काढलेलं नाही तरी मला पैसे परत मागावेसे वाटतात."

मामाचा सगळा राग कोचवर होता. कोच म्हणजे एक उंच, सडपातळ माणूस. त्याच्या शर्टाला नव्वद मिनिटांत एक चुणी पडत नसे. मामानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव इस्त्रीवाला ठेवलं. "जिथं सुरकुती दिसेल तिथं गरम इस्त्री फिरवतो," तो म्हणायचा. "माणसाच्या खेळात सुरकुती म्हणजेच माणूस. ती काढली की उरतं काय? चादर."

इस्त्रीवाल्याचा एक नियम देशभर ठाऊक झाला होता. बॅकनं मैदानाची मधली रेघ ओलांडायची नाही. पहिल्या सामन्यात उजवा बॅक एकदाच, तेही समोर मोकळं रान दिसलं म्हणून, रेघेपलीकडे वीस पावलं गेला. दोन मिनिटांत त्याला बाहेर बोलावलं. त्या दिवसापासून तो बाकावर होता. अंगावर टॉवेल घेऊन बसलेला तो टीव्हीवर मधूनमधून दिसायचा.

आता भिंगरीला घडवला कुणी, तर मामानं. मामा तरुणपणी छापखान्याच्या संघातून दोन हंगाम उजव्या बाजूनं धावला होता. मग गुडघा गेला आणि धावणं संपलं, पण एक युक्ती डोक्यात राहिली होती. तिला तो "ओढ-सोड" म्हणायचा. तळव्यानं चेंडू मागे ओढायचा, समोरच्याला पुढे येऊ द्यायचं, त्याचा भार चुकीच्या पायावर पडेपर्यंत थांबायचं आणि मग सोडायचा. सगळी कला त्या थांबण्यात होती. छापखान्यामागच्या अरुंद अंगणात रद्दीचे गठ्ठे मांडून मामानं भाच्याकडून ही युक्ती वर्षानुवर्षं घोटून घेतली. "पुठ्ठा चिकटवायचा क्षण असतो बघ," तो सांगायचा. "खळ ओली असताना दाबलास तर फुगा येतो, वाळल्यावर दाबलास तर सुटतो. मधला एकच क्षण खरा. तो बोटाला कळतो, डोळ्याला नाही."

आणि आणखी एक गोष्ट होती, ती फक्त या दोघांची. भिंगरी नऊ वर्षांचा असताना पहिला सामना खेळून आला आणि धापा टाकत म्हणाला, "मामा, बोल." मामा म्हणाला, "सगळा वेळ खाली बघत होतास. काय हरवलं होतं?" तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर भिंगरी "मामा, बोल" म्हणायचा आणि मामा एक-दोन वाक्यांत शेरा द्यायचा. शेरा म्हणजे चाबूक. जिंकला तरी चाबूक, हरला तरी चाबूक. सोळा वर्षांत मामानं त्याला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. भिंगरी प्रत्येक वेळी खो खो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच एक गोष्ट दुरुस्त करायचा.

देशाच्या संघातून फोन यायचा तेव्हाही हेच. ताई फोन जेवणाच्या टेबलावर ठेवायची, आवाज मोठा करायची, म्हणजे तिलाही ऐकू यावं. पहिल्या सामन्यानंतर मामा म्हणाला, "मी दोरीवर वाळत घातलेला शर्ट बघितला. वारा आला की हलायचा." दुसऱ्यानंतर म्हणाला, "गोलकीपरला चौतीस वेळा चेंडू परत दिलास. त्यानं मागितला होता का?" तिसरा सामना आपण एक-शून्य जिंकलो, तोही त्यांच्याच माणसाच्या ढोपराला लागून चेंडू आत गेला म्हणून. त्या दिवशी मामा म्हणाला, "पुढे अख्खं मैदान मोकळं आणि तू वळून मागे. मागून कुणी हाक मारली होती?"

फोनमधून भिंगरीचं हसू आलं. "मामा, एकदा जातोच बघ पलीकडे."

ताईच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

ताई म्हणजे दवाखान्याच्या शिलाई खोलीत तीस वर्षं फाटक्या चादरी सांधलेली बाई. नवरा लवकर गेला होता. बोलायची कमी, पण बोलली की कात्रीनं कापल्यासारखं. फोन बंद झाल्यावर तिनं मामाच्या ताटात उकडलेला बटाटा वाढला आणि ताट त्याच्यापुढे सरकवण्याऐवजी हातात धरून ठेवलं.

"चार वर्षं बाकावर बसला तो," ती म्हणाली. "चार वर्षं. त्या पोराचं काय झालं बघतोस ना, टॉवेल घेतलेल्याचं? रेघ ओलांडली की माझा मुलगा पुन्हा बाकावर. आणि या वयात बाकावर गेलेला परत येत नाही."

"ताई, मी फक्त शेरा देतो."

"तू पेटवतोस. लहानपणापासून पेटवतोस."

"तो खेळ नाही ताई, ती हजेरी आहे. माझ्या हातानं शिकवलेलं पोर तिथं खांबासारखं..."

"खांब तर खांब. देशाच्या संघातला खांब आहे." तिनं ताट अजून सोडलं नव्हतं. "पुढच्या वेळी फोन आला की छान खेळलास म्हणायचं. बाकी एक अक्षर नाही. कबूल?"

मामाला भूक लागली होती आणि ताईचा आवाज थरथरत होता. ताईचा आवाज थरथरलेला त्यानं आयुष्यात दोनदा ऐकला होता.

"कबूल," तो म्हणाला. ताट खाली आलं.

बाद फेरीचा पहिला सामना एकशेवीस मिनिटं चालला आणि एकशेवीस मिनिटांत आपल्या संघानं समोरच्या गोलकीपरला हातमोजे घालायची गरजसुद्धा पडू दिली नाही. शेवटी पेनल्टीवर जिंकलो. बाहेर रस्त्यावर लोक नाचले, पण ते नाचणंही इस्त्री केल्यासारखंच होतं. दहा मिनिटं हात वर करून झाले आणि घरोघर गेले. मामा ताईच्या टेबलाशी बसून पावाचा तुकडा चघळत होता. डोक्यात शेरा तयार होता, चांगला धारदार: "एकशेवीस मिनिटांत तुझ्या बुटांना गवत लागलं नाही, ते दुकानात परत दे."

फोन वाजला. ताईनं तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि भावाकडे बघितलं.

"मामा, बोल."

मामानं घास गिळला. "छान खेळलास."

मागे संघातली माणसं गात होती, तेवढं ऐकू येत होतं.

"काय म्हणालास?"

"छान. शिस्तीत खेळलास."

"मामा, तू बरा आहेस ना?"

"मला काय होतंय? ठणठणीत आहे."

"मामी?"

"ती जुळ्यांपाशी."

"बरं," भिंगरी म्हणाला. थोडा वेळ थांबला, जणू अजून काही येईल. मग फोन बंद झाला.

ताईनं त्या दिवशी मामाला दोन अंडी जास्त वाढली. मामानं ती खाल्ली, पण तोंडात खळीची चव राहिली. चाळीस वर्षांत त्यानं पाठ वाकडी झालेलं पुस्तक सरळ म्हणून कधी बाहेर दिलं नव्हतं.

पुढचा सामना सहा दिवसांनी, संध्याकाळी सहाला. समोर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टाचा संघ. खेळाडूचं घर म्हणून त्या दिवशी सगळे ताईकडेच जमले. कटिंगवाला आपल्या घरून स्टूल घेऊन आला, मावशी विणकाम घेऊन आल्या. ताई टीव्हीपासून सगळ्यात लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून तिला फक्त अर्धा पडदा दिसत होता, आणि तो डावीकडचा अर्धा होता.

सत्तर मिनिटं नेहमीचं नाटक झालं. मागे, बाजूला, मागे. "एक बाही झाली," मावशी म्हणाल्या. कटिंगवाला सगळ्यांना समजावत होता की समोरचे आता थकणार, हीच वेळ असते, धीर हवा. मामा भिंतीला टेकून बसला होता. भिंगरी आज वेगळा उभा होता. चेंडू आला की तो एकदा गोलकीपरकडे बघायचा आणि एकदा रेघेकडे.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. गोलकीपर दोन्ही हात हलवून परत मागत होता. भिंगरीनं तळव्यानं चेंडू मागे ओढला. पट्टेवाला पुढे झेपावला. भिंगरी थांबला. मामाचा अंगठा पहिल्या बोटावर आपोआप दाबला गेला. भिंगरीनं सोडला, आणि पट्टेवाला रिकाम्या गवतावर आडवा.

भिंगरीनं रेघ ओलांडली.

त्या मोठ्या मैदानातल्या लोकांना इतके दिवस कुणी झोपेतून उठवलं नव्हतं, ते एकदम उठले. दुसरा आला. ओढ, थांब, सोड. दुसराही गेला. ताईच्या खोलीत स्टूल पडलं. कटिंगवाला उभा राहून ओरडत होता, "जा! जा रे! जा!" मावशींच्या सुया जमिनीवर पडल्या होत्या. मामाचे डोळे मात्र फक्त भिंगरीच्या पायावर होते.

तिसरा उंच होता आणि तो झेपावला नाही. तोही थांबला. भिंगरीनं ओढला, वाट बघितली, आणखी बघितली, आणि मग सोडला. अर्ध्या श्वासाचा उशीर. चेंडू त्या उंच माणसाच्या नडगीला लागला, त्यानं तो तसाच लांब टोलवला, आणि जिथं डावा बॅक असायला हवा होता तिथं कुणीच नव्हतं. गोल.

इस्त्रीवाल्यानं तीन मिनिटांत भिंगरीला बाहेर घेतलं. भिंगरी त्याच्यासमोरून गेला तेव्हा त्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शर्टाची बाही तेवढी सरळ केली. एक-शून्यनं हरलो आणि स्पर्धा आपल्यापुरती संपली.

कटिंगवाल्यानं स्टूल उचललं. "जागा सोडली त्यानं," तो म्हणाला.

मामा वळला. "आत्ता जा जा म्हणून बोंबलत होतं ते कोण? तुझा काका?"

"मी? मी आपलं... चेंडूला म्हणत होतो."

"चेंडूला कान असते तर तुझं भाषण ऐकून तो पहिल्याच दिवशी फुटला असता."

"मामा, भाचा आहे म्हणून तुम्ही बोलता. पण नियम म्हणजे नियम."

"जागेवर उभं राहायला काय जात होतं?" मावशी सुया गोळा करत पुटपुटल्या. "पेनल्टीवर जिंकलो असतो."

"बाह्या विणायच्या राहून गेल्या वाटतं तुमच्या," मामा म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात नेहमीची मजा नव्हती, आणि ती नाही हे सगळ्यांना कळलं. स्वयंपाकघराच्या दारात आता कुणी नव्हतं. आत नळाचं पाणी सुरू होतं.

पुढचे दहा दिवस मामानं आपल्या देशबांधवांकडे बघितलं आणि त्याला त्यांची शिसारी आली. ज्या माणसांनी महिनाभर हा कसला मुर्दाड खेळ म्हणून तोंडं वाकडी केली होती, तीच माणसं आता शिस्तीवर बोलत होती. दाढी करणारा शिस्तीवर बोलत होता, आणि बोलता बोलता त्यानं मामाचा गाल कापला. दूधवाला, जो आयुष्यात एकदाही वेळेवर आला नव्हता, त्याचं म्हणणं होतं की ज्यानं त्यानं आपलं ठरलेलं काम करावं. टीव्हीवर इस्त्रीवाला सांगत होता, "एका खेळाडूनं योजनेवर विश्वास ठेवला नाही." ताईच्या दारावर कुणीतरी खडूनं लिहून गेलं: जागेवर राहा. ताईनं ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि फडकं धुवून वाळत घातलं. तिनं त्याबद्दल मामाला काही सांगितलं नाही. त्याला ते शेजारणीकडून कळलं.

बाइंडिंगच्या खोलीत एकदा मामाचा तोल गेला.

"महिनाभर म्हणत होतात ना, कुणीतरी पुढे जा, कुणीतरी पुढे जा? एकजण गेला. दोघांना लोळवलं. बाकीचे दहा काय करत होते? इस्त्रीवाल्यानं चुण्या पाडू नका म्हटलं म्हणून हातपाय जवळ घेऊन बघत होते! एकजण त्याच्या मागे जागा भरायला आला असता तर? नाही. त्याची जागा, तो बघेल. अशा संघाला हरायचीसुद्धा लायकी नाही. यांना सामना सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवायला हवं होतं, भाडं वाचलं असतं."

"हे तुम्ही इस्त्रीवाल्याला कळवा," कटिंगवाला म्हणाला. "वाट बघत असेल बिचारा, बाइंडर काय म्हणतो म्हणून."

मावशी हसल्या. मामानं पुठ्ठा दाबला आणि फुगा आला. तो पुठ्ठा त्यानं फाडून टाकला.

भिंगरी अकराव्या दिवशी आला, मागच्या दारानं, खांद्यावर एकच पिशवी. ताईनं त्याला जवळ घेतलं, पाणी दिलं, अंथरूण घातलं. मामा संध्याकाळी जेवायला आला तेव्हा भिंगरी टेबलाशी बसला होता. "ये," एवढंच तो म्हणाला. मामा वाट बघत होता. शेरा तयार होता, दहा दिवस त्याला धार लावून झाली होती. पण भिंगरी काही "बोल" म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मामालाच राहवलं नाही. "तू विचारत नाहीस?"

"काय विचारू?" भिंगरी म्हणाला. "तू तर निकाल आधीच दिलास ना."

"कसला निकाल?"

"छान म्हणालास." त्यानं पाव तोडला आणि तसाच ताटात ठेवला. "सोळा वर्षांत कधी म्हणाला नाहीस. खांबासारखा उभा होतो, चेंडूला पाय लागला नव्हता, आणि तू म्हणालास छान. मला वाटलं, मामानं आपल्यावर पाणी सोडलं. याच्याकडून आता काही होणार नाही, मग कशाला बोला, छान म्हणा आणि मोकळे व्हा. दवाखान्यात डॉक्टर ज्याच्याशी गोड बोलायला लागतो त्याचं काय असतं, माहीत आहे ना?"

"अरे पण..."

"तू शिव्या देत होतास तोवर मी रेघेच्या अलीकडे राहू शकत होतो. वाटायचं, मामाला ठाऊक आहे मला काय येतं, तेवढं पुरे. पण त्या दिवसानंतर झोप लागेना. म्हटलं, एकदा दाखवतो, म्हणजे तो पुन्हा बोलेल."

मामानं ताईकडे बघितलं नाही. खोटं सांगायचं तर आत्ताच, असं त्याच्या मनात आलं, आणि ताईनं त्याला तेवढीही फुरसत दिली नाही.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. वाढायचा मोठा चमचा तिच्या हातात होता आणि तो ती कुठंतरी ठेवायला जागा शोधत होती. "छान म्हण म्हणून मीच कबूल करून घेतलं. तुझी जागा जाऊ नये म्हणून."

भिंगरी आईकडे बघत राहिला. मग मामाकडे. "मग खरा शेरा काय होता?"

"त्या सामन्याचा?"

"त्या सामन्याचा."

"तुझ्या बुटांना गवत लागलं नाही, ते दुकानात परत दे."

भिंगरीच्या तोंडातून काहीतरी निघालं, आधी हसू वाटलं, पण ते हसू नव्हतं. त्यानं डोळ्यांवर हात ठेवले. हाताआडूनच म्हणाला, "आणि शेवटच्या सामन्याचा? मामा, बोल."

मामानं दहा दिवस घासून तयार केलेलं वाक्य बाजूला ठेवलं. ते वाक्य इस्त्रीवाल्याबद्दल होतं, त्या दहा जणांबद्दल होतं, खडूवाल्याबद्दल होतं.

"पहिले दोघं बरोबर," तो म्हणाला. "तिसऱ्याला तुझं कळलं होतं. तो थांबला, तर तू आधी निघायचं. तू वाट बघत बसलास. ज्याला आपली युक्ती कळली त्याच्यापुढे तीच युक्ती, हा मूर्खपणा आहे. मोठा मूर्खपणा. आणि दुसरी मी तुला शिकवलीच नाही, कारण मलाच येत नव्हती."

"पाच वाक्यं जास्त झाली," भिंगरी म्हणाला.

"सोळा वर्षांचा अनुशेष आहे. गप जेव."

ताई जेवली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली, स्वच्छ असलेलीही.

देशाच्या संघातून भिंगरीला पुन्हा बोलावणं आलं नाही. इस्त्रीवाला आणखी पाच वर्षं कोच होता. त्या पाच वर्षांत संघ क्वचित हरला आणि त्याहून क्वचित कुणाला आठवला. टॉवेलवाला उजवा बॅक आणि भिंगरी यांना पुढे एका लहान शहराच्या क्लबनं घेतलं. तिथं भिंगरी डावीकडून पुढे खेळायचा, लोक त्याच्यावर खूश होते, आणि तो दर सामन्यानंतर फोन करायचा. मामा शेरा द्यायचा. ताई फोन मधोमध ठेवायची, पण आवाज मोठा करायची नाही. विचारलं तर म्हणायची, "तुमचं तुम्ही बोला."

एकदाच, मामा जेवून उठताना, ती म्हणाली, "मी चार वर्षं त्याला बाकावर बघितलं, म्हणून घाबरले. तू त्याला खेळताना बघितलंस. तेवढाच आपला फरक." ताईच्या बोलण्यावर शेरा द्यायची सवय मामानं कधी लावून घेतली नव्हती.

ताई त्या स्पर्धेनंतर तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या अठरा तारखेला, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास वारली. भिंगरी दुपारच्या गाडीनं पोचला.